उघडी तार

शेतात कामाला आलेला सहदेव तारेला चिकटला होता आणि त्याची आई त्याच्याकडे धावत निघाली होती. प्रणालीनं हातातला चहाचा डबा टाकला, शेताच्या धुऱ्यावरून उडी मारली आणि मैनाबाईला आडवं पाडलं.

साठीची बाई, पण अंगात भलतंच बळ आलेलं. "सोड मले. पोरगं जयून राहिलं माह्यं." तिनं प्रणालीच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. प्रणालीनं दुसऱ्या हातानं तिच्या तोंडावर मारलं. एकदा, मग पुन्हा. ओठ फुटला. तरी ती उठायला बघत होती, तेव्हा प्रणाली तिच्या छातीवर बसली आणि मोटारीच्या खोलीकडे तोंड करून ओरडली, "दादा, मेन पाड."

गजेंद्र, तिचा थोरला भाऊ, दारात ब्रश तोंडात धरून उभा होता. त्याला दिसत होतं, पण कळत नव्हतं.

"मेन पाड म्हणते ना."

तो आत पळाला. तुषार सिंचनाच्या पाण्यानं ओल्या झालेल्या हरभऱ्यात सहदेव एकदम कोसळला.

परदेशातल्या ज्या प्रयोगशाळेत प्रणाली इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर होती, तिथं जमिनीखाली शंभर मीटरवर कणांची टक्कर घडवत. ती टक्कर टिपणाऱ्या यंत्रांना हजारो व्होल्ट पुरवणारी सर्किटं तिच्या हातची होती. वर्षातून एकदा सराव होई. रबराचा माणूस तारेजवळ टाकत. आधी वीज तोडायची, मगच त्याला हात लावायचा. मध्ये कुणी धावलं तर त्याला पाडायचं. धावण्याचं सोंग एखादा जण करायचा आणि सगळे हसायचे.

तिनं सहदेवला उताणं केलं आणि दोन्ही हातांनी त्याची छाती दाबू लागली. जोरानं, सगळं वजन टाकून. तिसऱ्या-चौथ्या दाबाला बरगडी कटकन मोडली. मैनाबाई रांगत आली होती. तिनं तो आवाज ऐकला. ती पोराच्या पायाशी बसली.

रुग्णवाहिका दर्यापूरहून यायची होती. प्रणाली दाबत राहिली. घाम डोळ्यांत जात होता. बऱ्याच वेळानं तिनं मान वर केली तेव्हा गजेंद्र खुंट्यांवरची तार सोडवून तिचं भेंडोळं करत होता.

"काय करून राहिला तू?"

"गावातून मानसं निंगाली. पोलिसही येतीन." त्याचा आवाज फाटला होता. "तू इंजिनेर आहे, पोनी. तू सांग, बॅटरीचं झटका मशीन होतं. त्यानं मानूस मरत नाई. याचं काळीजच कमजोर होतं म्हन. तुहं आयकतीन थे."

"मशीन कुठं आहे?"

"आनतो ना मी."

परवा आली त्या दिवशीच तिनं ती तार पाहिली होती. मोटारीच्या पेटीतून सरळ काढलेली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, शेताला चारी बाजूंनी. रानडुकरं हरभरा उकरतात, रात्री लावतो, पहाटे बंद करतो, असं गजेंद्र म्हणाला होता. आज ती बंद झालीच नव्हती. प्रयोगशाळेत अशी उघडी तार दिसली असती तर तिनं अख्खं यंत्र बंद पाडलं असतं. इथं ती म्हणाली होती, "जपून हं, दादा." आणि दहा दिवसांच्या रजेतला पहिला भरीत-भाकरीचा घास घेतला होता.

सहदेवच्या छातीवरचे तिचे हात थांबले. त्याचे डोळे उघडे होते आणि त्यांत काही नव्हतं. ती उठली, गजेंद्रपाशी गेली आणि तिनं भेंडोळं धरलं.

"सोड," तो म्हणाला.

तिनं सोडलं नाही. त्यानं हिसका दिला, तार तिच्या तळव्यातून करकरत गेली. ती आणखी घट्ट धरून राहिली. मग त्यानं हातातली पक्कड तिच्या गालफडावर हाणली. तोंडात रक्ताची चव आली. ती भेंडोळं पोटाशी घेऊन मातीत पडली आणि त्यानं तिच्या पाठीत लाथा घातल्या, दोन, तीन, चार. लहानपणी तिला खांद्यावर बसवून शाळेत नेणारा गजेंद्र रडत रडत लाथा घालत होता. "माहे दोन लेकरं हायेत, पोनी. दोन लेकरं हायेत."

गावकऱ्यांनी त्याला ओढून काढलं तेव्हाही तिचे हात सुटले नव्हते.

जमादार आला. पंचनामा सुरू झाला. त्यानं भेंडोळ्याकडे पाहिलं. "तार कोणाची?"

गजेंद्र तिच्याकडे बघत राहिला.

"आमची," प्रणाली म्हणाली. गाल सुजल्यामुळे शब्द नीट फुटत नव्हते. "सातबाऱ्यावर माझंही नाव आहे."

"करंट सोडला हे तुमाले माईत होतं?"

"हो. परवापासून."

जमादारानं लिहून घेतलं. मग तो मैनाबाईपुढे उकिडवा बसला. तिच्या हनुवटीवर रक्त वाळलं होतं.

"मावशी, तुमच्या तोंडाले कोनं मारलं?"

मैनाबाईनं पोराच्या चेहऱ्यावरची माती पदरानं पुसली. मग प्रणालीकडे बोट केलं.

"हिनं. पोरापाशी जाऊन राहिली होती मी. हिनं मले जितं ठेवलं."