क्लचवरचा पाय

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर परागने एस्टिमेट आपटलं. "चार वर्षांत क्लच जातोच कसा? लुबाडायचे धंदे आहेत हे." मग त्याने शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडे बोट केलं. "नाहीतर ही. क्लचवर पाय ठेवूनच गाडी चालवते. सांगून सांगून थकलो."

काउंटरमागची मुलगी म्हणाली, "सर, एक चक्कर मारून येऊ. मग तुम्हीच ठरवा."

पराग गाडी चालवायला बसला, मुलगी शेजारी, वृंदा मागे. उड्डाणपुलाच्या चढावर इंजिन नुसतंच गुरगुरलं, गाडी काही पळेना. जळका वास आत आला. मुलीने खाली पाहिलं, म्हणून परागनेही पाहिलं. गिअर टाकून केव्हाचा झाला होता, तरी त्याचा डावा पाय क्लचवरच होता. चटका बसावा तसा त्याने तो बाजूला घेतला. आरशात वृंदा त्या पायाकडेच बघत होती.

परत आल्यावर मुलीने एस्टिमेट पुन्हा पुढे सरकवलं. "नवीन क्लच बसला की पाय तेवढा बाजूला ठेवत जा," ती कोणाकडेच न बघता म्हणाली.

पराग खिशात पेन चाचपू लागला.

"माझीच सवय आहे ती," वृंदा म्हणाली. "मी लक्ष ठेवीन."

परागने मुकाट्याने सही केली. वृंदाने गाडी शेवटची चालवली, त्याला दोन दिवाळ्या होऊन गेल्या होत्या. क्लच जाळशील म्हणून त्यानेच तिच्याकडची किल्ली काढून घेतली होती.