एकदांडीचा वाफा

माळीकाकांनी प्रयोगशाळेमागची जागा तळहातासारखी स्वच्छ केली होती. उद्या मोठ्या दवाखान्याचे डॉक्टर यायचे होते, म्हणून सकाळपासून खपून त्यांनी तणाचं रोपन् रोप मुळासकट उपटलं होतं. कंबरेवर हात ठेवून ते आपल्याच कामावर खूश होत होते, तेवढ्यात संशोधक बाई पिशवी घेऊन आल्या आणि जागच्या जागी थबकल्या.

"काका, इथली एकदांडी कुठंय?"

"काढली की. औषधालासुद्धा ठेवली नाही."

बाई मटकन पायरीवर बसल्या. "औषधालाच हवी होती हो," त्या म्हणाल्या.

दोन वर्षं त्या याच जागेतला पाला उकळत होत्या. त्या अर्कातून चांदीचे बारीक कण तयार व्हायचे, न भरणाऱ्या जखमांच्या पट्टीसाठी. उद्या डॉक्टरांना ताजे कण दाखवायचे होते. पटले, तरच रुग्णांवर चाचणी. दुसरीकडचा पाला चालणार नव्हता, सगळ्या नोंदी इथल्याच पाल्याच्या होत्या.

काकांचा चेहरा उतरला. "कुणी सांगायचं तरी, ताई. मला वाटायचं, तुम्ही इथं पाय मोकळे करायला येता."

मग ते वळले. कोपऱ्यात तणाने भरलेली ढकलगाडी होती, ती त्यांनी आणून सावलीत पालथी केली. गवत, माती, काटे, सगळ्याचा गोंधळ. दोघं उकिडवी बसून निवडू लागली. बाईंचं एक पान होईपर्यंत काकांची पाच होत.

"तुमच्या नजरेला मानलं, काका."

"तीस वर्षं शत्रू ओळखायचाच पगार घेतोय."

पाला अजून सुकला नव्हता. बाईंनी तो धुतला, उकळला, गाळला. आजवर काका प्रयोगशाळेच्या दाराशीच थांबायचे. आज बाईंनी त्यांना हात धुवायला लावून आत नेलं. चांदीचा क्षार विरघळवलेलं पाणी काचेच्या भांड्यात होतं, नितळ. त्यात अर्क पडला, पण काहीच झालं नाही. काका भांड्याकडे टक लावून उभे. माझ्यामुळेच बिघडलं, असं त्यांच्या मनात आलं.

पाऊण तासानं पाणी पिवळं झालं. मग मधासारखं. मग चांगलं तपकिरी.

"झाले कण," बाई हसत म्हणाल्या. "एका केसाच्या जाडीत हजारभर बसतील एवढे बारीक. पण जंतूंना पुरून उरतात."

"आणि हे त्या तणानं केलं?"

"त्यानंच."

काकांनी खिशातून रुमाल काढला आणि कारण नसताना कपाळ पुसलं.

डॉक्टरांना काम पटलं. चाचणी ठरली आणि काकांकडे नवं काम आलं. त्यांनी त्याच जागेत दोरी लावून वाफा आखला, शेणखत घातलं आणि तिथंच पुन्हा फुटलेली एकदांडीची रोपं वीतभर अंतरानं ओळीत लावली. येणारेजाणारे हसायचे. काका झारीनं पाणी घालत राहायचे.

एके सकाळी त्या वाफ्यात झेंडूचं एक रोप आपोआप उगवलेलं दिसलं. टपोरी कळीही धरली होती. काकांनी ते चिमटीत धरलं आणि मुळासकट उपटून ढकलगाडीत टाकलं.

"जरा पाठ फिरवली," ते पुटपुटले, "की तण माजलंच."