बिडी विझवा

दयारामची मुलगी सारिका एका मोठ्या प्रवासी जहाजावर सुरक्षेचं काम करायची. सुट्टीत घरी येताना ती चिखलीहून बापाच्याच जीपमध्ये बसली. जीप सवाऱ्यांनी गच्च भरली होती. कुणीतरी फवारणीच्या पंपासाठी घेतलेली पेट्रोलची कॅन सीटखाली होती. गाव मागं पडताच दयारामनं बिडी पेटवली. शेजारच्या ठेकेदारानं त्याच काडीवर सिगारेट पेटवून घेतली.

"बाबा, गाडीत पेट्रोल हाय. विझवा," सारिका मागून म्हणाली.

"हे काय तुहं जहाज हाय काय?" दयाराम हसला. सगळेच हसले.

"जहाजाच्या बाल्कनीत मी गोऱ्या साहेबाले सिगारेट विझवायले लावते. ते लोक माहे कोणीच नाहीत. इथं माहा बाप बसला हाय." तिचा आवाज चढला. "नसन विझवाची तर गाडी थांबवा. मी पायी येते घरी."

दयारामनं करकचून ब्रेक दाबला.

"पोरीच्या जातीनं बापाले चार लोकांत असं बोलावं?" ठेकेदार म्हणाला.

खाली उतरून दयारामनं बिडी चपलेखाली चिरडली. मग जीपला वळसा घालून तो ठेकेदारापाशी आला.

"तुमीबी विझवा, साहेब."

"दयाराम, रोजची सवारी हाय मी तुही!"

"म्हणूनच विझवा म्हणतो." दयारामनं त्याच्या बाजूचं दार सताड उघडलं. "नाहीतर उतरा."