सत्तावीस वेळा नापास

"वनिता, सत्तावीस वेळा नापास," अलफियाने सगळ्यांसमोर वाचलं. कुणीतरी फिसकन हसलं. वनिताने मान खाली घातली.

खालापूरच्या त्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात मोबाईलवरचे सुरक्षेचे धडे अलफियानेच तयार केले होते. ज्याने त्याने सवडीने बघायचे, शेवटी पाच प्रश्न सोडवायचे. बाकी सगळे पास झाले होते. वनिता मात्र रोलर साफ करण्याच्या धड्यातच अडकलेली. साहेबांनी तिला मशीनवरून काढलं आणि हातात झाडू दिला.

रविवारी कर्जतच्या घरी अलफियाने तो धडा अब्बांना दाखवला. इद्रिसभाईंनी फोन डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला.

"हे मुंग्यांएवढं काय लिहिलंयस गं? हे वाचायचं कुणी?"

अलफियाचा चेहरा खर्रकन उतरला. म्हणजे नापास वनिता नव्हतीच. आणि आपण तिचं चारचौघांत हसं केलं, आपल्यामुळे ती मशीनवरून उतरली. त्याच रात्री तिने धडा नव्याने केला. मोठी चित्रं घेतली, अक्षरं कमी केली, स्वतःच्या आवाजात सगळं सांगितलं.

सोमवारी सकाळी वनिता गेटपाशी झाडत होती. अलफियाला तिच्या डोळ्याला डोळा देववेना.

"वनिताताई, चूक माझी होती. माझा धडाच वाईट होता. मी साहेबांना आजच सांगते. हा नवीन बघा, हा नक्की समजेल."

वनिताने झाडू भिंतीला टेकवला. नवा धडा शेवटपर्यंत पाहिला.

"चांगला हाय. पण जुना बी कळत होता, मॅडम. आधी मशीन बंद करायची. मग मेन स्विच पाडायचा, कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात ठेवायची. तवाच रोलरला हात लावायचा."

एक शब्द चुकला नव्हता.

"सगळं येतंय तुम्हाला! मग नापास कशा झालात?"

वनिताने गेटबाहेर बोट दाखवलं. बाहेर टेंपो थांबला होता. डोंगरातल्या वाड्यांवरून आलेल्या, ठेक्यावर काम करणाऱ्या बायका एकेक करून उतरत होत्या.

"यांची नावं तुमी घातलीच नाय धड्यात," वनिता हळूच म्हणाली. "रोलर तर त्याच पुसतात."

अलफियाने फोनवरची यादी चाळली; ठेक्यावरची एकही बाई तीत नव्हती.

"आन् पास झालं की धडा बंद होतो. म्हनून रोज जेवनाच्या सुट्टीत एकीला दाखवते, आन् मुद्दाम चुकते. अजून चौघी राहिल्यात, मॅडम. तेवढ्या झाल्या की होते पास."