लाख आणि डिंक

लढाईमुळं पेट्रोल मिळेना, म्हणून अंकुशरावांनी आपली मोटार स्पिरिटवर चालेल अशी करून घेतली होती. तेव्हापासून कार्बोरेटर गळायचा. मन्नाएखेळ्ळीच्या निंगप्पा मिस्त्रीनं सांध्यातल्या पॅकिंगला चिकटवायला तीनदा लाख लावली, तीनदा ती सुटली.

"आज जमलं तर बघ, न्हाईतर हुमनाबादचा मिस्त्री गाठतो," असं म्हणून अंकुशराव मोटार सोडून गेले.

निंगप्पाची बायको लिंगम्मा दारातून ऐकत होती. "मोटार पिती तरी काय?"

"दारूच म्हण."

"मग लाखंला बी पाजून बघा की."

"दारू? आपल्या घरात? लिंगपूजा होती इथं!"

"घरात कामून? अंगणात बघते."

तिनं दोन वाट्यांत स्पिरिट ओतलं. एकीत लाख टाकली, दुसरीत, तोही चिकटतोच म्हणून, बाळंतिणीच्या लाडवांचा डिंक. दुपारपर्यंत लाख विरघळून गेली. डिंकाचा खडा होता तसाच राहिला.

निंगप्पानं डिंक पाण्यात भिजवून पॅकिंगला लावला आणि वाळू दिला. मोटार हैदराबादला जाऊन आली, थेंबभर गळली नाही.

मग स्पिरिटच्या मोटारी दारात थांबू लागल्या. ड्रायव्हर मिस्त्रीला सोडून "अक्का, डिंक हाय का?" असं ओरडायचे. निंगप्पा गालात हसायचा.

लिंगम्मा जाऊन आता वर्ष झालं. लांबून येणाऱ्या ड्रायव्हरांना ते ठाऊक नाही. ते अजून "अक्का" म्हणूनच हाक मारतात. निंगप्पा ओ देतो आणि बाहेर येतो.