पिल्लू आधी चुकतं

"आठ माशांतले तीन नदीत निसटले. मग शांग बघू, पिल्लाकडे किती उलले?"

धाकटी बहीण अस्वलाच्या पिल्लाचा आवाज काढत होती. बोबडा, नाकातला, गोड करून करून चिकट झालेला आवाज. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात थुंकीचा फेस जमला होता. पान उलटायला तिनं बोट जिभेला लावलं आणि समोर बसलेल्या थोरलीनं तोंड फिरवलं. पुस्तक थोरलीनंच लिहिलेलं होतं. मुलांना घरच्या घरी गोष्टींतून गणित शिकवणारं हे पुस्तक लोकांनी डोक्यावर घेतलं होतं. मागच्या बाजूला तिचा फोटो होता. त्यावर कुणीतरी दुधाचा पेला ठेवला होता. त्याचं वर्तुळ तिच्या नाकावरून गेलं होतं.

ती आली होती शाळेवर संतापून. बिट्टीला, तिच्या भाचीला, शाळेनं काल परत पाठवलं होतं. साधी बेरीज येत नाही, पहिलीत घेता येणार नाही, असं तिथल्या बाईंनी तोंडावर सांगितलं. हातापाया पडल्यावर उद्या सकाळी पुन्हा एकदा बघू म्हणाल्या. शेवटचं. बिट्टीचं दप्तर केव्हाच आणून झालं होतं. ते पाठीला लावूनच ती जेवायला बसायची. आत्ताही ते पाठीवर होतंच.

"घरी सगळं येतं गं हिला, ताई. तूच येऊन बघ," धाकटी फोनवर रडली होती. म्हणून ताई बघत होती.

बिट्टीचे ओठ हलले. 'पाच' असा आकार त्यांनी घेतला. आवाज फुटायच्या आत आईनं बोट उभं केलं.

"अं अं! पिल्लू आधी काय म्हणतं?"

"सहा," बिट्टी म्हणाली.

"अले लबाडा! तीन गेले ना ले?" आईनं डोक्याला हात लावून घेतला, डोळे फिरवले, जीभ बाहेर काढली. बिट्टी हसली नाही. ती गप्प बसून वाट बघत राहिली. आईनं अस्वलिणीचा जाडा आवाज लावून मासे पुन्हा मोजून दाखवले. मग बिट्टी म्हणाली, "पाच." दोघींनी टाळ्या वाजवल्या. बिट्टीच्या टाळ्या देवळात पाया पडायला लावलेल्या पोरासारख्या होत्या. हात जुळत होते, लक्ष भलतीकडेच.

"शी!" थोरलीच्या तोंडून निघून गेलं.

"शी काय?"

"अगं, तिला आलं होतं. पहिल्यांदाच आलं होतं! तू तिला मुद्दाम चुकायला लावलंस?"

"मग? आधीच बरोबर आलं तर अस्वलीण काय करणार? गोष्ट तिथंच संपली की." धाकटीनं पुस्तकाचं पहिलं पान उघडून तिच्या नाकाशी धरलं. 'पालकांसाठी' या मथळ्याखाली ठळक अक्षरांत छापलेलं होतं, 'आधी मुलाला चुकू द्या. चुकल्यावरच समजावा.' "हे तुझंच आहे ना? मी नेम धरलाय, ताई. ताप असतानाही मोडला नाही. शेजारीण म्हणते, तुमच्यासारखी आई बघितली नाही."

थोरलीनं ते वाक्य वाचलं. किती भाषणांत तिनं ते आवाज हळवा करून म्हटलं होतं! लोक डोळे पुसायचे. तेव्हा तिला स्वतःचा केवढा अभिमान वाटायचा. आता तेच वाक्य तिला जेवणात आलेल्या केसासारखं वाटलं. पुढच्या पानांवर ते पिल्लू बसलं होतं, गोबरं, लाडिक, प्रत्येक गोष्टीत न चुकता चुकणारं. तिचंच पिल्लू. त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटलं तिला.

पण राग अजून शाळेवरही होताच. एवढ्याशा पोरीला घाबरवलं असेल, दरडावलं असेल. तिनं बिट्टीला जवळ ओढलं. दप्तर मध्ये आलं, तशी ती वाकडी होऊन मावशीला टेकली.

"शाळेतल्या बाई रागावल्या का गं तुला?"

"नाही. चांगल्या होत्या. त्यांनी मला त्यांची पेन्सिल दिली हातात धरायला."

"मग काय विचारलं त्यांनी?"

"चार फुगे आणि दोन फुगे."

"तू काय सांगितलंस?"

"सात."

धाकटीनं कपाळावर हात मारून घेतला. "बघ! घरी येतं आणि तिथं जाऊन वाचा बसते."

"तुला येत नव्हतं का राजा?" मावशीनं हळूच विचारलं.

मोठ्या माणसांना एवढंही कसं कळत नाही, अशा नजरेनं बिट्टीनं तिच्याकडे बघितलं.

"येत होतं की. सहा." मग तिचा खालचा ओठ थरथरला. "मी नीट चुकले, मावशी. आणि गप्प बसून राहिले. पण बाईंनी पुढची गोष्ट सांगितलीच नाही."