विमानाची उजवी बाजू

सही कुठं करायची ते दाखवायला मॅनेजरनं कागदावर बोट ठेवलं आणि काकींनी पेनाचं टोपण काढलं. कागदावर दोनच ओळी होत्या. रंगाची शेड महिनाअखेर बंद, पाचही रंगाऱ्यांना रजा. त्या पाचांत मुख्य रंगारी काकी, आणि रंगाच्या कडा सरळ याव्यात म्हणून आधी टेप लावणारी त्यांची धाकटी जाऊ. एका घरातले दोन पगार एका सहीत जाणार होते.

तीन महिने नुसती कुजबुज चालली होती. लोकांना सुट्टीला समुद्रकिनारी नेऊन सोडणारी ही विमान कंपनी जुनी विमानं मोडीत काढणार, नवी आणणार, नाव बदलणार, शेपटीवरचा सूर्य पुसून दुसरंच काहीतरी आणणार. ड्रायव्हरनं म्हणे साहेबांचा फोन ऐकला होता. कॅन्टीनवाल्याला कोणीतरी शपथ घालून सांगितलं होतं, आणि त्यानं ती शपथ पाळत अख्ख्या विमानतळाला सांगितलं. कंपनी रोज छे छे म्हणत होती. आता एवढं छे छे कोणी करायला लागलं की समजावं, कुठंतरी पाणी मुरतंय.

आज त्या अफवेचं मॉडेलच टेबलावर उभं होतं. हातभर लांब, पांढरंशुभ्र, अंगावर नवं नाव, शेपटीवर पंख पसरलेला निळा पक्षी. कंपनीच्या मालक मॅडम त्याच्याकडे बारशाच्या पोराकडे बघावं तशा बघत होत्या. शेजारी डिझायनर बसला होता. त्याचा शर्ट इतका स्वच्छ, की आयुष्यात त्यानं रंगाच्या डब्याला हात लावला नसावा. पक्ष्याचे मोठाले स्टिकर छापून तयार होते, बाराही विमानांचे. रविवारी पहिलं विमान कॅमेऱ्यांसमोर यायचं होतं. स्टिकर चिकटवायचे म्हटल्यावर रंगारी कशाला पोसायचे?

सही करण्याआधी काकींनी मॉडेल हातात घेतलं. सत्तावीस वर्षं विमानं रंगवलेली बाई, राहवलं नाही. भिंतीकडची बाजू बघावी म्हणून त्यांनी ते फिरवलं, क्षणभर डोळे बारीक केले, आणि पेनाला टोपण लावलं.

पहिल्यांदा वाटलं, गप्प बसावं. मुकाट सही करावी आणि रविवारी टीव्हीसमोर पाय पसरून यांची फजिती बघावी. जावेला तेवढं सांगायचं, दोघी पोट धरून हसू. तसं केलं असतं तर कोणी नावं ठेवली नसती. पण असं विमान आपल्या शेडसमोरून जाणार, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना.

"मॅडम, जरा या बाजूनं बघा," काकी म्हणाल्या.

मॅडमनी बघितलं. डाव्या बाजूला पक्ष्याची चोच विमानाच्या नाकाकडे होती, झकास. उजव्या बाजूला तोच पक्षी, तसाच्या तसा चिकटवलेला, आणि त्याची चोच मागं. विमान निघालं होतं सुट्टीला, पक्षी निघाला होता घरी.

डिझायनर घाईघाईनं सांगू लागला की चिन्ह सगळीकडे एकसारखंच असायला हवं, पत्रावर तसं, तिकिटावर तसं, विमानावरही तसंच.

"कागद उडत नाही, दादा," काकी शांतपणे म्हणाल्या. "विमान उडतं. आणि तेही नाकाच्याच दिशेनं."

मॅनेजरला खोकला आला. मॅडम मात्र मॉडेल पुन्हा पुन्हा फिरवून बघत राहिल्या. एवढ्या मीटिंगा झाल्या, एवढ्या हुशार माणसांनी माना डोलावल्या, मग हे कोणाच्याच कसं लक्षात आलं नाही, असं त्यांनी विचारलं.

"प्रवासी डावीकडून चढतात, तुम्हीही डावीकडूनच चढता," काकी म्हणाल्या. "म्हणून सगळे तीच बाजू बघतात. बॅगा उजवीकडून चढतात, जेवण उजवीकडून चढतं. ती बाजू आमची."

नवे स्टिकर छापून यायला तीन आठवडे लागणार होते. रविवार चार दिवसांवर होता. मॅडमनी डिझायनरकडे बघितलं, डिझायनरनं मॅनेजरकडे, आणि मॅनेजरनं आपल्या बुटांकडे. मग तिघांनीही काकींकडे बघितलं. सत्तावीस वर्षांत त्या खोलीत कोणी त्यांच्या तोंडाकडे असं बघत बसलं नव्हतं. बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फारच बरं वाटलं.

चार दिवसांत होईल, काकींनी सांगितलं. हातानं रंगवू, स्टिकरपेक्षा दुप्पट टिकेल. पाचही माणसं लागतील. एका विमानासाठी नाही, बाराही विमानांसाठी, आणि पुढंही. हे सगळं कागदावर हवं, आणि आत्ता हवं. तो पहिला कागद त्यांनी दोन बोटांनी मॅनेजरकडे सरकवला. मॅडमनी तो उचलला, फाडला आणि मॅनेजरला नवीन लिहायला बसवलं.

शेडमध्ये चौघं उपड्या डब्यांवर बसून वाट बघत होते. काकींच्या हातात कागद दिसला आणि जाऊ उठून उभी राहिली.

"ताई, खरं आहे का सगळं?"

"खरं आहे," काकी म्हणाल्या. "नवी विमानं येतायत. नाव बदलतंय. सूर्य जातोय, पक्षी येतोय."

जावेनं खुंटीवरची पिशवी काढली आणि जेवणाचा डबा आत टाकला.

"कुठं निघालीस? टेप काढ. बाराही विमानं आपण रंगवतोय."

जावेनं कागद हिसकावून घेतला, दोनदा वाचला, आणि थोरली-धाकटी सगळं विसरून काकींच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. तीन महिने ती शेड कान टवकारून बसली होती, पण एवढी एक बातमी कोणाच्याच कानावर आली नव्हती.